पुढचे तीन दात

बेलापूर
१८ जानेवारी १९९६

सत्यभामा,

पाकिटावर सवयीने आधी सौ. लिहिलं गेलं, मग खोडलं. घरात दुसरं पाकीट नव्हतं. राग मानू नको.

राजनंदिनीचा शाळेचा दाखला सोबत पाठवते आहे. हेडमास्तर आज या, उद्या या करत होते. चौथ्या खेपेला मी ऑफिसच्या दारातच फतकल मारून बसले, तेव्हा मिळाला. तुमची खोली मी अजून कुणाला दिली नाही. तुझी पत्र्याची पेटी आणि हौसेरावांचा मार्केटात पोती ओढायचा आकडा, दोन्ही तिथेच आहेत. आकडा गंजलाय. कुणी तुझ्या गावाकडे जाणारं भेटलं तर पाठवीन.

परवा हौसेरावांना जाऊन वर्ष झालं. तू तिकडे श्राद्ध केलं असशील. मी इथे काही केलं नाही. माझा काय अधिकार.

तुला हे सगळं कसं झालं हे विचारायचं असेल. पंचनाम्यात आहे तेच मला माहीत आहे. रविवार होता, मार्केटला सुट्टी. हौसेराव सकाळीच प्यायले होते. धक्क्यावर गेले, शेवाळावरून पाय घसरला. भरती होती. पोटात दारू निघाली असं डॉक्टरने लिहून दिलं आहे. गावात कुणी वेगळं काही सांगितलं तर कान देऊ नकोस. आणि एक गोष्ट मनात राहिली आहे म्हणून लिहिते. "ताई, जरा दम द्या की त्यांना," असं तूच मला म्हणाली होतीस. नळावर, कळशी भरताना.

तुझ्या माहेरचे म्हणत असतील, त्या गावातल्या बायका फार माजल्या होत्या. मग त्यांना दत्तूचं सांग. तू समोर होतीस. भर दुपारी, सुकट वाळत घातलेल्या खळ्यात, त्याने पिऊन भिमाबाईच्या पोरीवर कोयता चालवला. स्वतःच्या बायकोवर. पहिला घाव हातावर, कारण तिने हात वर केला होता. दुसरा मानेवर. सगळ्या बोंबलांवर रक्त उडालं. आणि हा तिथेच बसून बिडी पेटवायला लागला. काडी पेटत नव्हती तर मला म्हणतो, "मामी, हिला उठवा गो. जेवन करायचं हाय." दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात आपण सगळ्या जमलो आणि गावात दारू बंद असा ठराव केला. मला अध्यक्ष तुम्हीच केलंत. मी सातवी शिकलेली, निवेदनं लिहिता येतात म्हणून.

गोटीरामची हातभट्टी फोडायला खाडीकाठच्या तिवराच्या झाडीत शिरलो तेव्हा तुझ्या हातात मुसळ होतं आणि माझ्या हातात कपडे धुवायचं धोपाटणं. पिंप उलटलं आणि उकळतं रसायन भिमाबाईच्या पायावर गेलं. मांडीपासून घोट्यापर्यंत कातडी सायीसारखी सुटून आली. बाई ओरडली नाही. तशीच गोटीरामच्या छातीवर बसली आणि त्याचं तोंड चिखलात दाबून धरलं. आपण चौघींनी तिला ओढलं म्हणून तो वाचला. परत येताना तू हसत होतीस, सत्यभामा. आपण सगळ्याच हसत होतो. नवऱ्याने दोनदा मोडलेलं हे माझं मनगट त्या दिवशी पहिल्यांदा दुखलं नाही.

तेव्हा आपण वाईट काम करत होतो असं मला कुणी सांगू नये.

राजनंदिनीला आशीर्वाद. पत्र पाठव.

तुझी
मालतीताई


बेलापूर
११ फेब्रुवारी १९९६

सत्यभामा,

तुझं अंतर्देशीय मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ.

"त्यांचे पुढचे तीन दात कुठे गेले?"

तोंडात तुळशीचं पान ठेवताना तुला दिसलं असणार. तू तेव्हा काहीच बोलली नाहीस. तेराव्यानंतर पोरीला घेऊन गेलीस, मला भेटलीही नाहीस. मला वाटलं, दुःखाने असेल.

खरं सांगते. हौसेरावांना आम्ही त्या दिवशी खांबाला बांधलं होतं.

समाजमंदिरापुढच्या खांबाला दारुड्यांना बांधायचो, हे तुला माहीत आहे. सुरुवातीला नुसतं तोंडाला काजळ आणि चपलांचा हार. मग प्रत्येकीने एकेक चप्पल मारायची. लोक हसायचे, तो माणूस मान खाली घालून घरी जायचा, आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच्या तोंडाला वास. दारू काही थांबली नव्हती. गोटीरामची भट्टी गेली तर उरणकडून होडीने यायला लागली. सायकलच्या ट्यूबमध्ये भरून, पोटाला गुंडाळून. दुधाच्या कॅनमधून. एकदा तर मयताच्या मडक्यातून आणली होती. कोणी महापेला कामावर जातो म्हणून जायचा आणि तिकडेच गटारात पडायचा. आपण जितक्या जोराने बंद करू तितकी ती महाग व्हायची, आणि जितकी महाग व्हायची तितके विकणारे वाढायचे. मग आम्हा बायकांच्या हातात चपलांच्या जागी फोक आले. दिवाळीनंतर वल्ह्याचे दांडे. तू कामावर असायचीस, तुला सगळं दिसलं नाही. एकाचं कोपर फुटलं. एकाच्या कानातून रक्त आलं तर भिमाबाई म्हणाली, "येऊ दे. माज्या पोरीचं कमी गेलं काय?" तिच्यापुढे कोण बोलणार?

त्या रविवारी तू नेरूळला धुण्याभांड्याला गेली होतीस. दहा वाजले असतील. हौसेराव नळाजवळ सापडले, वास येत होता. म्हणाले, "पाया पडतो, आज सोडा. पाठ लई धरलीया. पोती उचलून कण्याचा भुगा झालाय." आम्ही अकरा जणी होतो. बांधलं, मारलं. कुणाचा फटका कुठे बसला हे आता सांगता येत नाही. सोडल्यावर ते तोंड धुवायला धक्क्यावर गेले आणि तिथे पाय घसरला. दात पायरीवर आपटून पडले असतील.

एवढंच आहे. मी मारलं नाही असं म्हणत नाही. सगळ्यांनी मारलं, मीही मारलं. अध्यक्ष म्हणून माझी चूक जास्त.

मालतीताई


बेलापूर
१२ मार्च १९९६

सत्यभामा,

तुझं पत्र आलं नाही. मीही वाट बघत नव्हते. पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

धुळवडीच्या दिवशी आपल्या गावात सहा माणसं मेली. शिमग्याला आमच्याकडे कसं असतं ते तू नऊ वर्षं पाहिलंस. बंदी असो नाहीतर काही असो, होळी लागली की प्रत्येक घराला हवी असते. सकाळी दहाला पोरं रंग खेळत होती आणि अकराला एकेक जण डोळे चोळत बसायला लागला. रंग गेला डोळ्यात, असं सगळ्यांना वाटलं. पाणी मारलं. मग एक ओरडला, "उजेड कुनी घालवला?" भर उन्हात. पोट धरून लोळत होते, फेस येत होता. टेम्पोत भरून दवाखान्यात नेईपर्यंत दोघं वाटेतच गेले. दारूत कसलं तरी कारखान्याचं स्पिरिट होतं.

सातवी भिमाबाई.

हो, भिमाबाई. दारूबंदीची भिमाबाई. तिचा पाय कधी भरलाच नाही. पावसाळ्यात त्यातून पू यायचा. पोरगी डोळ्यापुढून हलत नव्हती. ती थोडी थोडी घ्यायची, झोप लागावी म्हणून. खाटेवर पडल्या पडल्या, डोळे उघडे आणि काही दिसत नाही, आणि ती सगळ्यांसमोर हात चाचपत म्हणाली, "मालते, कंचा कालोख आनलास गो माज्या डोल्यात? तुज्या धनेशची दारू हाय ही. तुज्या धनेशची." दुपारी तीनला गेली.

तोवर माझा धनेश गाव सोडून पळाला होता. तो जासईला कंटेनरच्या यार्डात मित्राकडे लपलाय हे मला एकाने सांगितलं. मी रिक्षा करून गेले. एका रिकाम्या कंटेनरमध्ये बसून वडापाव खात होता. माझं पोर, चोवीस वर्षांचं, शर्टाला धुळवडीचा गुलाबी रंग तसाच. मी म्हटलं, "भिमामावशी मेली." तो म्हणाला, "मी काय विष बनवलं नाय. पुढून आलं ते दिलं. शिमग्याला माल कमी पडला, गाव पाठी लागलं होतं." मी त्याच्या तोंडात मारली. तो उठला. "मार ना. सगल्यांना मारतेस, मला पन मार. आई, तुझी बंदी हाय म्हनून तर माझा धंदा हाय. नसती तर लोक दुकानात जाऊन सरळ पीले असते." मी पुन्हा हात उचलला तर त्याने माझं मनगट धरून मागे पिळलं आणि मला पत्र्यावर ढकललं. तेच मनगट. त्याच्या बापाने मोडलं होतं ते. हाडाचा आवाज मी ओळखला.

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच, पण वाच. मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं.

धनेश विकतो हे मला धुळवडीला कळलं नाही. मला ते हौसेराव जायच्या दोन दिवस आधी कळलं होतं. भोगीच्या दिवशी मी भिमाबाईला बाजरीची भाकरी आणि भाजी द्यायला गेले. तिच्या तोंडाला वास. मी बघतच राहिले. ती रडायला लागली. "पाय जगू देत नाय गो. तुज्याच धनेशकरनं घेतंय. कुनाला बोलू नको, मी पन बोलनार नाय." दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि गप्प बसलो. मी धनेशला विचारलं, तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, बंद करतो." त्याने बंद केली नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. इतर कुणाचा मुलगा असता तर मी त्याला खांबाला बांधला असता. तुला माहीत आहे, मी बांधला असता.

किंक्रांतीच्या त्या रविवारी हौसेरावांना बांधल्यावर बायका ओरडत होत्या, "कोन देतो तुला? नाव सांग!" नाव सांगितलं तर सोडायचं ठरलं होतं. ते बोलत नव्हते. पाठीवर दांडे पडत होते. पाठ आधीच गेलेली. प्रत्येक दांड्याला त्यांचे गुडघे वाकायचे. भिमाबाई माझ्या बाजूला होती, तिच्या कपाळावर घाम. मी मनात म्हणत होते, बोलू नका, बोलू नका. मग त्यांनी मान वर केली. थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, धनेशला..."

पुढचं मी बोलू दिलं नाही. हातातलं धोपाटणं आडवं घातलं, तोंडावर, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. दात तिथेच पडले, खांबापाशी. पायरीवर नाही. मी ते नंतर पायाने मातीत ढकलले.

ओरड्यात बाकीच्या बायकांना काय ऐकू आलं, मला माहीत नाही. त्यांना वाटलं आता जोरात मारायचं. मी पण थांबले नाही. त्यांचे ओठ हलत होते आणि मला वाटायचं की पुन्हा तेच नाव येतंय. दुसरा फटका कानामागे बसला. तोही माझाच. मान एकदम लोंबली. कुणीतरी म्हणालं, "नाटक करतो." दोरी सोडली तर पोत्यासारखे खाली आले.

भिमाबाई म्हणाली, "खाडीला न्या. पीला होता, पडला, असं बोलायचं." पाच जणींनी उचललं. डोकं माझ्या हातात होतं. वाटेत कोणी भेटलं नाही असं नाही. दोघं भेटले, त्यांनी मान फिरवली. आमची तेव्हा अशी भीती होती गावाला. धक्क्याच्या खालच्या पायरीवर पाणी चढत होतं. आम्ही त्यांना पालथं सोडलं.

पाण्यातून बुडबुडे आले, सत्यभामा. दोनदा. बाकीच्या वळल्या होत्या. मी एकटीने पाहिलं. मला ओरडता आलं असतं, पायरी उतरून त्यांना ओढता आलं असतं. गुडघाभर पाणी होतं. मी उभी राहिले. तिसऱ्यांदा आले नाहीत, मग मी घरी गेले. तू दुपारी कामावरून आलीस तेव्हा रडत तुझ्या गळ्यात पडणारी पहिली मीच होते.

मालती


बेलापूर
२१ मार्च १९९६

सत्यभामा,

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी समाजमंदिरात बायकांना बोलावलं आणि तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. धनेशचं, भिमाबाईचं, धोपाटण्याचं. मला वाटलं त्या मला बांधतील. मी तयारीने गेले होते, अंगावरचं मंगळसूत्र तर केव्हाच उतरलेलं, कानातलं काढून ठेवलं होतं. कुणी हात लावला नाही. पहिल्यांदा गोटीरामची बायको उठून गेली, मग एकेक. शेवटी ज्या चौघींनी माझ्याबरोबर त्यांना उचललं होतं त्या राहिल्या. त्यातली एक माझ्या पाया पडली. "मालतीबाय, आमची नावं घेऊ नको. लेकराबालांची घरं हायेत."

धनेश कुठे आहे ते मी पोलिसांना सांगितलं. जासईहून त्याला आणला. मी चौकीच्या बाहेर बाकावर बसले होते, आत त्याला पट्ट्याने मारत होते. तो आधी शिव्या देत होता, मग माल कुणाकडून घेतला ते सांगायला लागला, मग नुसता "आई, आई" करायला लागला. मला आत जाऊ दिलं नाही. मी उठलेही नाही. सात माणसांची केस त्याच्यावर लागेल. कुणी म्हणतं दहा वर्षं, कुणी म्हणतं जन्मठेप. मी पोटचं पोर दिलं म्हणून गावातले काही लोक मला शहाणी म्हणतात आणि काही थुंकतात.

मग मी साहेबांना हौसेरावांचं सांगितलं. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. "मावशी, तुमचं डोकं फिरलंय. पोरगा आत गेला म्हणून काहीही बोलताय. ती केस केव्हाच बंद झाली. अपघात. नातेवाइकांची तक्रार नाही." मी म्हटलं, मीच मारलं, लिहून घ्या. ते म्हणाले, "तुम्ही कोण? मयताची बायको अर्ज देईल तर बघू. घरी जा, हाताला प्लास्टर घाला."

म्हणून लिहिते. तू अर्ज दे. माझं नाव घाल. भिमाबाई गेली, बाकीच्या नऊ जणींचं काय करायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही. माझ्या जबाबाचा कागद सोबत आहे, खाली सही आणि अंगठा दोन्ही केलंय, कारण डाव्या हाताची सही माझी नाही असं ते म्हणतील.

परवाच गावात पुन्हा ट्यूब आली. सात मयतांचं तेरावं आत्ता कुठे झालंय. आता तर कुणी लपवतही नाही. नवा माणूस आहे, मी त्याला ओळखत नाही. माझ्या दारावरूनच जातो आणि मला नमस्कार करतो.

मालती


ता. पाटण, जि. सातारा
२६ मार्च १९९६

मालतीबाई,

राजनंदिनीकडून लिहून घेणार नव्हते, म्हणून स्वतः लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे. तीन दिवस लागले.

तुमचं मोठं पत्र मी रानात नेऊन वाचलं. घरात वाचता आलं नसतं.

एक तुम्हाला माहीत नाही ते सांगते. ह्यांना दारू धनेश देतो हे मला त्या दिवाळीपासून माहीत होतं. मी म्हणाले, ताईंच्या कानावर घालते. ह्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, त्या बाईनं एकटीनं पोरगा वाढवलाय, गावापुढं तिची मान खाली जाईल, आपण तिच्या दारात ऱ्हातो. राजनंदिनीच्या गळ्याची शपथ घातली मला. म्हणून मी नळावर तुम्हाला नुसतं दम द्या म्हणाले आणि पुढचं गिळलं. बोलले असते तर काय झालं असतं, हे मी वर्षभर मनात घोळवलं.

ज्यांनी मला शपथ घातली ते अकरा बायांपुढं ते नाव फोडणार नव्हते. तुम्ही ह्यांचं पुरतं ऐकलं नाही.

ह्यांची पाठ धरली की धनेशच गाडीवर बसवून दवाखान्यात न्यायचा. तुम्ही बघितलंय, तुमच्या अंगणातूनच न्यायचा. दोनदा तर पाठीवर घेऊन जिना उतरला. उठता येत नसलं की हे आतून हाक मारायचे, "धनेशला बोलवा." मला नाही, शेजाऱ्याला नाही. धनेशला बोलवा. त्या दिवशी पण पाठीनं उभं राहवत नव्हतं म्हणून तेच म्हणायला लागले असतील. ताई, धनेशला बोलवा.

पोराला जन्मठेप होऊ नये असं मला वाटतं. का वाटतं ते माहीत नाही. ह्यांना तो आवडायचा.

अर्ज माझ्या भावानं लिहिला आहे. तुमचं नाव पहिलं आहे. दम द्या म्हणणारी म्हणून त्यात माझं पण घातलं आहे. भाऊ नको म्हणत होता, मी घालायला लावलं. बाकीच्या नऊ जणी कोण ते मला ठाऊक आहे, त्यांची नावं पण आहेत. त्यांना लेकरं आहेत तशी मला पण आहे.

सोमवारी सकाळच्या गाडीनं निघते, दुपारी पनवेलला उतरेन. पेटी आणि आकडा न्यायला आधी तुमच्या दारात येईन. चहापाण्याचं काही करू नका, मी तुमच्या घरचं पाणी घेणार नाही. पण चौकीत साहेबापुढं काय बोलायचं, अर्ज घेत नसले तर कुठं बसून राहायचं, हे मला येत नाही. ती सगळी कामं तुम्हीच करायचात. तेवढं माझ्याबरोबर चला.

सत्यभामा